गठ्ठा बाहेर गेला आहे

४ जानेवारी, सकाळी ७.१०

नव्या वर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा करतो आहे, कारण कोणता संकल्प करावा याचा सखोल विचार चालू होता. ठरलं. बाबांच्या जुन्या दाव्याच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल कोर्टातून काढायची. बाबा विरुद्ध काका, विषय हे राहतं घर. चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबांच्या पश्चात घर मुलाचं, म्हणजे माझं, असं निकालात स्वच्छ लिहिलेलं आहे. बाबांनी स्वतः दाढी करताना मला सांगितलं होतं. तोंडाला फेस होता, पण अर्थ स्पष्ट होता.

नक्कल आत्ताच का? काल ताईचं रजिस्टर पत्र आलं. सख्खी बहीण रजिस्टर पत्र पाठवते म्हणजे हिस्सा मागत असणार. घेतलं नाही. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ लिहिलं, तारीख-वेळ घातली, परत. आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली आहेत मी. ज्या कागदावर आवक क्रमांक पडला नाही, तो कागद या जगात नाही. हा माझा सिद्धांत. ऑफिसात साहेबसुद्धा मानायचे.

बायको म्हणाली, एखाद्या वकिलाला विचारा. म्हटलं, आपला हात जगन्नाथ. फार तर दोन तासांचं काम.

५ जानेवारी, दुपारी ४

पाच तास.

नक्कल विभाग तळमजल्यावर, रेकॉर्ड रूम त्याच्याही खाली. अकरा पायऱ्या. खाली एक ट्यूबलाइट आणि छतापर्यंत कापडी गठ्ठे. रेकॉर्ड कीपर हा किडकिडीत माणूस. एका प्रश्नाला एकच शब्द देतो. मी मनात त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं.

त्याने विचारलं, वर्ष? मी दावा दाखल झाल्याचं वर्ष सांगितलं. म्हणाला, निकालाचं. इथे गठ्ठे निकालाच्या वर्षाप्रमाणे बांधतात म्हणे. ही पद्धत कशी चुकीची आहे हे मी त्याला वीस मिनिटं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, वर्ष?

निकालाचं वर्ष मला माहीत नाही. पण ते माझ्या तोंडावर दिसलं नसावं.

६ जानेवारी

पाय दुखतात. कोर्टाच्या पायऱ्या मुद्दाम उंच बांधलेल्या असतात. विश्रांती.

९ फेब्रुवारी

ताईचं दुसरं पाकीट. या वेळी कोपऱ्यावर वकिलाचा शिक्का. नकार, ११.०५. अक्षर छान आलं.

२० फेब्रुवारी, रात्री जेवणापूर्वी

विजय! निकाली प्रकरणांच्या नोंदवह्या बघायची परवानगी मिळाली. एकेक वही उशीएवढी जाड. तिसऱ्या वहीत, मधल्या पानावर, बाबांचं नाव. काकांचं नाव. मला एकदम भरून आलं. शिंका आल्या म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

फक्त शेरा या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: गठ्ठा बाहेर, कोर्ट नं. ४. तारीख गेल्याच आठवड्यातली.

चौतीस वर्षं कोणी न विचारलेला गठ्ठा कोणीतरी उचलून वर नेला. मौनीबाबाला कारण विचारलं. म्हणाला, काका, घरी काही कागद आलाय का? म्हटलं, नाही. हे खरंच आहे, आलेला नाही.

माझा अंदाज: निकाल इतका आदर्श आहे की नवीन न्यायाधीश अभ्यासाला नेत असतील. घरी येताना दोनदा मागे वळून बघितलं. का, ते सांगता येत नाही.

४ मार्च

दुपारी बेलिफ. आधी वाटलं कोर्ट नक्कल घरपोच देऊ लागलं. पण हातात समन्स. तत्त्व ते तत्त्व. खिडकीतूनच सांगितलं की मी घरात नाही. तो म्हणाला, बरं, आणि कागद दाराला डकवून निघून गेला. भांडला नाही, दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. अशा शांत माणसांचा मला संताप येतो.

कागद मी न वाचता काढला. बायकोने माझ्या हातातून घेऊन वाचला. म्हणाली, अहो, यात आपल्या घराचं लिहिलंय, तेवीस तारखेला बोलावलंय. मी सिद्धांत समजावला. ती म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी.

६ मार्च

बायको दोन दिवस बोललेली नाही. घरात छान शांतता आहे. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज एवढा मोठा होता हे कधी लक्षात आलं नव्हतं.

२३ मार्च, दुपारी १

गठ्ठा परत आला का हे विचारायला गेलो. तारीख तीच होती हा योगायोग. मौनीबाबा जेवायला गेला होता म्हणून वर कोर्ट नंबर चारच्या बाहेरच्या बाकावर टेकलो. पट्टेवाला दारात आला आणि त्याने माझं नाव पुकारलं.

माझ्या नावाची माणसं पुष्कळ असतात.

त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. वडिलांच्या नावासकट. बाकावरच्या सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मीही पाहिलं. ज्या कोणाला बोलावत होते त्या बिचाऱ्याची कीव आली. तिसऱ्यांदा पुकारून तो आत गेला आणि दार लावून घेतलं. माझे तळहात गार पडले होते. एसी असेल. (एसी नव्हता.)

उठून हो म्हणायला फार तर चार पावलं लागली असती. पण मग आवक झाली असती.

२४ मार्च

आजपासून सकाळी प्राणायाम.

२५ मार्च

प्राणायाम सोमवारपासून.

१२ जून, सायंकाळी ५

आज मात्र मजा आली. फूटपट्टी, टेप, कागद अडकवलेली फळी घेऊन एक गृहस्थ आले. नगरपालिकेचे असावेत, कर वाढवायला आलेले. ते काहीतरी सांगायला लागले होते, पण मी त्यांना बोलूच दिलं नाही. असल्या माणसाच्या हातावर तुरी कशी द्यायची हे मला पक्कं ठाऊक आहे. टेपचं दुसरं टोक मीच धरलं. सगळं घर फिरवून दाखवलं. पाया कसा कच्चा आहे, मधे एक भिंत घातली तरी छत खाली येईल, एकच जिना, एकच नळ, एकच दार, या घराचे दोन भाग ब्रह्मदेवालाही करता यायचे नाहीत. सगळं त्यांनी लिहून घेतलं. माझं नाव आणि वयही लिहून घेतलं. सही मागितली. ती अर्थात दिली नाही.

जाताना म्हणाले, तुमचं फार सहकार्य झालं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती का रडत होती कोण जाणे.

३० जुलै

मौनीबाबा आज आपणहून बोलला. म्हणजे तब्येत बरी नसावी त्याची. म्हणाला, काका, तुमचा गठ्ठा नव्या दाव्याला जोडलाय. विचारलं, कोणाच्या? म्हणाला, तुमच्या. तुमच्यावरच्या. एकतर्फी चाललाय, अजूनही वेळ आहे, वकील लावा.

मी हसलो. खालच्या त्या जागेत माझं हसणं मलाच कसंतरी ऐकू आलं. सांगितलं, तुमची काहीतरी चूक होते आहे. तो म्हणाला, असेल, आणि गठ्ठा बांधायला लागला. गाठ मारताना माझ्याकडे बघत नव्हता.

३१ जुलै

लिहिण्यासारखं काही नाही.

९ ऑगस्ट

लिहिण्यासारखं काही नाही. झोप नीट लागत नाही. उशी बदलली.

१८ सप्टेंबर, सकाळी ११.४०

नक्कल मिळाली! नऊ महिने, सात अर्ज, पण मिळाली. कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली उभं राहून वाचली. जाड कागद, गोल शिक्का, शेवटी खरी नक्कल असा शेरा. घर बाबांचं. तडजोडीने काकांनी मान्य केलेलं. पुढे: बाबांच्या पश्चात मुलगा व मुलगी यांचा समान हिस्सा.

दुपारी १.००

टायपिंगची चूक आहे हे उघड आहे.

दुपारी २.३०

चूक दुरुस्तीचा अर्ज दिला. अर्ज स्वीकारणारी बाई म्हणाली, चौतीस वर्षांनी? म्हटलं, सत्याला मुदत नसते. ती म्हणाली, अर्जाला असते. तरी शिक्का मारून घेतला. आवक क्रमांक पडला. घरी येताना किती हलकं वाटत होतं.

२ नोव्हेंबर

बायको माझ्याबरोबर कोर्टात आली. तिने सरळ कोर्ट नंबर चारमध्ये जाऊन नवी फाइल बघायला मागितली आणि त्यांनी दिली. मी नऊ महिने खाली हिंडत होतो.

फाइलमध्ये बेलिफचा अहवाल: प्रतिवादीने स्वतःच आपण घरात नसल्याचे सांगितले. मग कोर्ट कमिशनरचा अहवाल. जूनमधले ते टेपवाले गृहस्थ नगरपालिकेचे नव्हते. पान तीनवर माझंच बोलणं, माझ्याच शब्दांत, ब्रह्मदेवासकट. त्याखाली आदेश: घराची वाटणी शक्य नाही, सबब लिलाव करून रक्कम निम्मी निम्मी. लिलाव १७ डिसेंबर.

बायको तिथेच खाली बसली. मी तिला म्हटलं, माझा दुरुस्तीचा अर्ज आहे ना. घोडामैदान जवळच आहे.

८ डिसेंबर

बायको तिच्या भावाकडे गेली आहे. थोडे दिवस, म्हणाली. घरात माझ्या पावलांचा आवाज येतो.

पोस्टमन आला होता. ताईचं पाकीट. हात पुढे गेला होता, खरं सांगतो. पण अर्ज प्रलंबित असताना दुसरीकडून काही स्वीकारलं तर बाजू कमकुवत होते. नकार, १०.५०. पोस्टमन म्हणाला, साहेब, एकदा तरी उघडा की. सल्ला द्यायचा पगार मिळतो का याला?

१६ डिसेंबर

दुरुस्तीचा अर्ज फेटाळल्याचं कळलं. एका ओळीत. लिलावाला मी जाणार नाही. मी गेलो नाही तर त्यांची पंचाईत होईल.

१७ डिसेंबर

पंचाईत झाली नाही. बाजारातल्या लाकडाच्या वखारवाल्याने घर घेतलं. पाडून गोदाम बांधणार आहे.

१८ डिसेंबर, दुपारी

ताई आली. बायको तिला घेऊन आली. वर्षभराने मी ताईला बघितलं. केस सगळे पांढरे झालेत.

मला वाटलं भांडेल. भांडली नाही. हळूहळू सांगत गेली. जानेवारीतलं ते पहिलं पत्र वकिलाचं नव्हतं, तिच्या हातचं होतं. भावोजी गेल्यावर भाड्याची खोली सोडावी लागणार होती. फोन केला की मी ठेवून द्यायचो, म्हणून लिहिलं. पोस्टात हरवू नये म्हणून रजिस्टर केलं. लिहिलं होतं, मागची खोली मला राहायला देतोस का रे, हिस्साबिस्सा काही नको, माझं मी रांधून खाईन. पाकीट न उघडता परत आलं आणि त्यावर माझं अक्षर बघून ती दोन दिवस जेवली नाही. मग शेजारच्या कोणीतरी वकिलाकडे नेलं.

आणि आठ डिसेंबरचं? मी विचारलं. विचारायला नको होतं.

तो तडजोडीचा अर्ज होता. तिची सही झालेली. माझ्या सहीची जागा मोकळी. लिलावाच्या आदल्या दिवसापर्यंत दिला असता तर घर राहिलं असतं. तिचंही, माझंही. तिला तर त्या लिलावातलं काहीच नको होतं. ती म्हणाली, मला वाटलं या वेळी तरी घेशील.

चूक माझी आहे. हे वाक्य इथे लिहितो आहे, तिला सांगता आलं नाही. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी मी पडलो की फिरवायची तसा. मला ते सहन होईना.

महिन्याभरात घर रिकामं करायचं आहे. बायकोने चहा ठेवला. ताईने विचारलं, मागची खोली एकदा बघू का? तिथे माझ्या ऑफिसच्या जुन्या वह्या ठासून भरलेल्या आहेत, दार पूर्ण उघडत नाही. फटीतून डोकं आत घालून तिने बघितलं.

परत येऊन कप हातात घेतला. एका माणसाला पुरली असती, म्हणाली.