कडेचं दिसत नव्हतं

७ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुम्ही तिघंही मजेत असाल असं धरून चालतो.

फोन असताना बाबा कागद का खरडतायत, असं तुला वाटेल. फोन तू आईलाच करतेस आणि मी जवळ आहे असं कळलं की लवकर ठेवतेस. त्यात तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण पत्र मध्येच ठेवलं तरी ते लिहिलेलं राहतं, म्हणून लिहितोय.

तर आम्ही गाडी काढून निघालोय. समुद्राच्या कडेकडेने, आठवड्याभराचा बेत. चौतीस वर्षं बस हाकून सगळ्या जगाला फिरवलं, पण बायकोला कुठे नेलं नाही, हे तुझी आई वर्षातून चार वेळा ऐकवायची. आता तिचं तोंड बंद झालंय. म्हणजे बंद झालेलं नाही, विषय बदललाय.

तुम्हाला पुढेमागे यायचं झालं तर कुठे थांबावं ते सांगून ठेवतो. पहिलं दीपगृह. पायऱ्या एकशे ब्याण्णव. तुझ्या आईने वाटेत दोनदा दम खाल्ला आणि दोन्ही वेळा राखणदाराला सांगितलं, "हे दमलेत." वर गेल्यावर मात्र ती कठड्याला धरून इतका वेळ गप्प उभी होती, की मीच काळजीत पडलो. दुसरी मिठागरं. तिथे चार वाजल्यानंतर जा. पाण्याच्या चौकोनांत आभाळ उतरलेलं असतं आणि माणसं लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून ढीग लावत असतात. आई म्हणाली, "बघा, केवढे पक्षी." मी म्हणालो, "हो, छान आहेत." त्यावर ती हसायला लागली, "अहो, तिकडे कुठे बघताय, इकडे आहेत." मीही हसलो.

कड्यावरचा वळणांचा रस्ता टाळला. ऊन डोळ्यांवर येत होतं.

आत्ता बंदरावरच्या एका खोलीत बसून लिहितोय. खाली दोरखंडांचं दुकान आहे, त्यामुळे उशीलासुद्धा डांबराचा वास येतो. घरमालकीणबाई सकाळी येऊन खिडकी उघडून जातात आणि तुझी आई त्या गेल्या की लावून घेते. दोघींपैकी कोणी हार मानायला तयार नाही.

शेवटी आपण जाणार कुठे, असं आई विचारते. रस्ता नेईल तिथे, असं मी सांगतो. खरं म्हणजे ते गाव मी निघण्याआधीच ठरवलं होतं. पण आज एवढं पुरे.

माझ्या नातीला पापा.

बाबा

९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय भिंगरी,

परवाच्या पत्रात मी तुला दीपगृहाच्या पायऱ्या मोजून सांगितल्या आणि सांगायचं ते सांगितलंच नाही. काल जे झालं ते आधी लिहितो, म्हणजे बाकीचं लिहायला जमेल.

खाडीवरचा पूल संपतो तिथे एक वळण आहे आणि लगेच वस्ती लागते. सकाळची वेळ, लख्ख उजेड, गाडी हळूच चाललेली. एक बाई धुतलेल्या कपड्यांची हातगाडी ढकलत गल्लीतून रस्त्यावर आली. मला ती दिसली नाही. आई ओरडली, "थांबा!" पाय आपोआप ब्रेकवर गेला. हातगाडी बंपरला लागून कलंडली आणि एक ओली चादर बॉनेटवर येऊन पडली.

बाईला काही झालं नाही. ती खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "एवढी मोठी मी, आणि दिसले नाही?" तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आई उतरली. दोघींनी मिळून कपडे उचलले, मातीत पडलेले शेजारच्या नळावर खळबळले, पिळले. मी स्टिअरिंग धरून बसून होतो.

आई परत येऊन शेजारी बसली. मग म्हणाली,

"तुम्हाला ती दिसलीच नाही ना?"

"नाही."

"आणि परवाचे पक्षी?"

"तेही नाही."

"कधीपासून?"

मग मी तिला सांगितलं. ते तुलाही सांगतो. काही तू आधीच ओळखलं आहेस. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असतेस, न्हाणीघरात तुला सापडलेल्या बाटलीवरचं नाव वाचून तुला सगळं कळलं. आईला मात्र मी ते थेंब धुळीसाठी आहेत असं सांगत आलो होतो.

चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एक कागद दाखवला. मध्ये पांढरा गोल आणि दोन्ही बाजूंना काळं. काचबिंदू म्हणाले. "तुम्ही बोगद्यातून बघताय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं. आणि उद्यापासून गाडी बंद." माझी नोकरी संपायला तेव्हा एकोणीस महिने बाकी होते. दर वर्षी कामावर डोळे तपासायचे, पण तिथे फक्त फळ्यावरची अक्षरं वाचायला लावतात, आणि अक्षरं असतात बरोबर समोर. मी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. तपासणारा म्हणाला, "तुमचे डोळे अजून तरुण आहेत." मी त्याच्याबरोबर हसलो. डॉक्टरांचा कागद घडी करून गणवेशाच्या टोपीच्या अस्तरात घातला आणि एकोणीस महिने पन्नास-पन्नास माणसं घेऊन ती बस चालवली.

का, असं आईने विचारलं. डेपोत सगळे मला 'सरळरेघ' म्हणायचे, ते तुला ठाऊक आहे. बस उभी केली की चाक पांढऱ्या रेघेवर बोटभर इकडे-तिकडे नसायचं. ते नाव सोडवलं नाही, असं काहीतरी मी बोललो. लिहिताना ते आणखीच हलकं वाटतंय.

आईने हात पुढे केला. "किल्ली द्या."

तू गाडी शिकलीस तेव्हा तीही तुझ्याबरोबर शिकली होती, आठवतं? परवानाही काढला. नंतर तिला गिअर जमत नाहीत असं मीच घरभर पसरवलं आणि तिला कधी चाकाला हात लावू दिला नाही. गिअर तिला उत्तम जमतात. फक्त तिसऱ्याच्या पुढे ती जात नाही. मागे गाड्यांची वरात लागते, लोक भोंगे वाजवतात, ती म्हणते, "जाऊ दे बिचाऱ्यांना, घाई असेल." पुढच्या खाडीच्या तोंडाशी गाडी होडीवर चढवावी लागते. चपटी होडी, दोन फळ्यांवरून चाकं न्यायची. मी श्वास धरून बसलो. तिने एका दमात चढवली. नावाडी तिला म्हणाला, "काकू, दर खेपेला तुम्हीच आणत जा." माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. हे ठिकाण तुमच्या यादीत घाला. पलीकडे होड्या बांधायचा कारखाना आहे, सांगाड्याखाली उभं राहून वर बघू देतात. मान वळवायला आता मला सवड आहे.

तुझ्या फाटकाशी पाच महिन्यांपूर्वी काय झालं ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. तू लेकीला माझ्या गाडीतून उतरवून घेतलंस आणि मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, की चौतीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही, तू मला शिकवणारी कोण.

ओरखडा नाही, हे खोटं होतं. ते आईलाही अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगावं लागेल, कारण त्या गावाला गाडी तीच नेणार आहे.

बाबा

११ ऑक्टोबर, दुपार

प्रिय भिंगरी,

त्या एकोणीस महिन्यांतली एक संध्याकाळ. सूर्य मावळायचा होता. आम्ही काल गेलो त्याच गावात शिरताना बसच्या कुशीला काहीतरी घासलं. थांबलो. रस्त्याकडेच्या चरात सायकल पडली होती आणि सायकलवाला उजवा हात पोटाशी धरून बसला होता. हात दोन ठिकाणी मोडला. गावातला शिंपी.

चौकशी झाली. कंडक्टर तिकिटं फाडत होता, तो म्हणाला माणूस अचानक आडवा आला असेल. मला विचारलं. मी म्हणालो, "मला दिसला नाही, म्हणजे तो अचानकच आला असणार." यातलं पहिलं अर्धं अगदी खरं होतं. त्याच्या जोरावर दुसरं खपून गेलं. मी निर्दोष ठरलो. आपल्या पुढच्या खोलीत काचेत लावलेल्या सेवेच्या दाखल्यावर तोच शब्द आहे. तो शिंपी कुठे असतो, कसा असतो, हे मी तीन वर्षांत विचारलं नाही.

काल गावाच्या वेशीवर आईला गाडी कडेला घ्यायला लावली आणि हे सांगितलं. तिने इंजिन बंद केलं. मला वाटलं, ती गाडी वळवेल. मग विचारलं, "दुकान कुठे आहे?" विचारत विचारत गेलो. दुकानासमोर थांबून ती म्हणाली, "मी इथेच बसते. हे तुमचं तुम्हीच करायचं."

एका खिडकीचं दुकान. दोन शिलाई यंत्रं, एकावर कापड टाकून ठेवलेलं. तो पडद्याला दुमड घालत होता. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, सुई डाव्या हातात. काय शिवायचंय, असं त्याने विचारलं. मी कोण ते सांगितलं. त्याने सुई कापडात खोचून ठेवली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टोपीच्या अस्तरातल्या कागदासकट. शेवटी त्याने विचारलं,

"त्या दिवशी गाडीवर बसताना तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

तो आपल्या हाताकडे बघत बसला. मग हळू आवाजात, माझ्याशी नव्हे तर जणू त्या पडद्याशी बोलल्यासारखं म्हणाला, "मला कडेने जात असल्याचंच आठवत होतं, पण सगळे म्हणाले तू आडवा गेलास, मग तंद्रीत गेलो असेन असं मलाही वाटायला लागलं." तीन वर्षं तो स्वतःलाच विचारत होता, मी असा कसा गेलो. भिंगरी, हात मोडला हे मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

त्याने आतून बायकोला बोलावलं. मला म्हणाला, "हिला परत सांगा." मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

"तू पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतास," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"आणि मी म्हणायचे, तुझं लक्ष नसतं."

तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. त्याचा तो हात तिने आपल्या मांडीवर घेतला. मी तिथे नसलो तरी चाललं असतं.

मग त्याने विचारलं, लिहून द्याल का. मापांच्या वहीतला कोरा कागद दिला. मी लिहिलं, तारीख घातली, सही केली. त्याने वाचून कागद परत केला. "इथे 'तो दिसला नाही' असं लिहिलंय. तसं नको. 'मला कडेचं दिसत नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं', असं लिहा." मी तसं लिहिलं. दोन प्रती केल्या. एक त्याच्याकडे, दुसरी आज सकाळी मी आमच्या जुन्या कार्यालयाला पाठवली. चौकशी पुन्हा उघडेल. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तुझ्या दुकानात येऊन कोणी काही विचारलं तर दचकू नकोस. खरं आहे म्हणून सांग.

निघताना मी माफी मागितली. तो म्हणाला, "ते मला आज सांगता येणार नाही." मी दाराकडे वळलो तर तो उठून मागून आला आणि डाव्या हाताने माझं कोपर धरलं. म्हणाला, "बाजूला पायरी आहे. तुम्हाला दिसायची नाही."

गाव संपेपर्यंत आई दुसऱ्या गिअरमध्येच चालवत होती. संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मला चार वर्षं अंधारात ठेवलंत, त्याचं बघू नंतर." ते नंतर अजून आलेलं नाही. येईल, आणि तेव्हा ऐकून घ्यायचं, एवढं मी ठरवलंय.

त्या दिवशी तू लेकीला उतरवून घेतलंस, ते बरोबर केलंस. मी तिला गाडीत बसवायलाच नको होतं. एवढं लिहायला मला तीन पत्रं लागली.

पत्र तुझ्या हातात पडायला वेळ लागेल, म्हणून आम्ही परतताना सावकाश येतोय. तसंही तुझ्या आईच्या हातात चाक आहे, सावकाशच येणार. पुढच्या शनिवारी दुपारी तुझ्या फाटकाशी थांबू. मला घरात घ्यावंसं वाटलं नाही तर आईला तेवढं घे. तिने फार गाडी चालवली आहे, तिला पाठ टेकू दे. मी बाहेर बसून राहीन, शेजारच्या सीटवर.

तुझा अपराधी,
बाबा