तोंडातला तीळ

३ मार्च

पंचांनी केलेली हॉकी शिबिराची यादी आली. साठ पोरी, सगळ्या एकोणिसाच्या आतल्या. अकराव्या नंबरावर भिंगरी. वय सतरा. जागा – उजवी बाजू.

‘उजवी’ हा शब्द तीनदा वाचला. मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

ताईची ही लेक गेले दोन महिने डावीकडून खेळते आहे. सगळे म्हणाले, काय अक्कल आहे पोरीला, जागा बदलून मागितली आणि गोल दुप्पट झाले! अक्कल कसली. डावीकडून धावताना तिच्या डाव्या हाताला फक्त रेषा असते. सारं मैदान उजवीकडे. जिथलं दिसत नाही, तिथं कुणी नसतंच. हे ती जाणते आणि मी जाणते.

पंचांनी जागा लिहिल्या त्या शिबिराच्या फलकावरून. म्हणजे प्रशिक्षक सरांनी तिला उजवीकडे न्यायचं ठरवलं आहे. सतरा तारखेला शिबिर सुरू झालं की प्रत्येक चेंडू, प्रत्येक काठी तिच्यावर डावीकडून येणार.

रविवारी निवड. आम्ही आठ जण, प्रत्येकाच्या कागदी संघात पाच पोरी. खेळायचं त्यांनी, गुण मिरवायचे आम्ही. जिंकणाऱ्याला मिळतो तो वर्षभर इतरांना टोमणे मारायचा हक्क. यंदा पहिली निवड माझी. चिठ्ठी निघाली तेव्हा सगळे हसले होते – ‘झालं, तोफेची भाची तोफेच्या घरात.’ तोफ म्हणजे मी; कामगारांच्या सभा गाजवते म्हणून.

आणि नियम! नाव घेतलं की उभं राहून दोन मिनिटं सांगायचं, हीच का. मनात नसलेलं बोलायचं नाही. हा नियम मीच भांडून घालून घेतला.

४ मार्च

आज आमच्या पाणी खात्याच्या फाटकावर कामगारांची सभा. पाऊण तास बोलले. गप्प बसणं हीसुद्धा एक बाजू घेणंच असतं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या संपायच्या आत खाली उतरले.

जानेवारीत सरावात चेंडू तिच्या कपाळाच्या कडेला लागला. आठवडाभर डोकं दुखलं. मग एका संध्याकाळी जिन्यात मला अडवलं. ‘मावशी, डावीकडची कड दिसत नाही. पडदा ओढल्यासारखं होतं. कुणाला सांगायचं नाही. आईला तर नाहीच.’ मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, ‘तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, सगळ्यांना माहीत आहे.’ आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, बघच आता.

अख्ख्या घराण्यात माझी हीच ख्याती. लग्न ठरलं की आधी माझ्या तोंडून फुटायचं, नापास झालेले माझ्यापासून निकाल लपवायचे. म्हणून हट्टाला पेटले. आज पन्नासावा दिवस. तीळ भिजून फुगला आहे. गिळताही येत नाही.

६ मार्च

ताईकडे जेवायला. भिंगरीच्या डाव्या हाताशी पाण्याचा पेला होता. हात लागला, पेला आडवा, पाणी ताईच्या मांडीवर.

‘धांदरट! मैदानात कशी धावतेस गं तू?’

भिंगरी हसली. मीही हसले. मोठ्याने हसले! घरी येऊन दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले.

८ मार्च

निवडीचं भाषण लिहायला बसले. पहिलं वाक्य आलं – ‘हिला मैदानावर सगळं दिसतं.’

कागद फाडला.

९ मार्च

पंच निवृत्त झाल्यापासून खेळाच्या सामानाचं दुकान चालवतात. त्यांच्या मागच्या खोलीत, चेंडूंच्या खोक्यांवर आम्ही आठ जण. रबराचा वास. समोर मेहुणा – आमच्याच खात्यात पाणी तपासतो, शिबिराच्या सरांचा सख्खा मेहुणा. इथलं बोललेलं संध्याकाळपर्यंत सरांच्या कानावर जातं, हे साऱ्यांना ठाऊक.

भीती दोन्हीकडून होती. तिला घेतलं तर दोन मिनिटं खोटं बोलायचं, आणि ते खोटं तिला उजवीकडे उभं करणार. नाही घेतलं तर सख्खी मावशी मागे सरली, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय – हे मेहुणा ओळखणार. शब्द मोडणार.

‘चला, तोफ. अकरा नंबर लिहूनच टाकू ना?’ पंचांनी पेन्सिल टेकवली.

‘एकोणतीस,’ मी म्हटलं.

पंचांची पेन्सिल अकरावरच राहिली. एकोणतीस म्हणजे एक मागची रक्षक. बरी खेळते. उभी राहून चार वाक्यं बोलले आणि बसले. घड्याळात अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

‘तोफेची दारू भिजली वाटतं,’ मेहुणा म्हणाला. एक-दोघे हसले. मग दुसरी निवड त्याची. त्याने माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं, आणि चार नंबर घेतली. तिसऱ्याने सतरा. चौथ्याने दोन.

पाच फेऱ्या झाल्या. चाळीस पोरी गेल्या. मोसमात सर्वांत जास्त गोल मारणारी पोरगी यादीत तशीच. पंचांनी वही मिटली. ‘अकरा शिल्लक,’ एवढंच म्हणाले.

इतकी वर्षं शब्द तोफगोळ्यांसारखे पल्ला मोजून फेकले. आज कळलं – सगळ्यांनी माझं ऐकलं ते मी न बोललेलंच.

१० मार्च

मेहुणा दुपारी माझ्या टेबलाशी. हातात पाण्याच्या बाटल्या.

‘बाई, पोरीचं काही आहे का? भावजींना काही सांगायचं का?’

‘खेळाचं मी ऑफिसात बोलत नाही.’

‘तुम्ही? तुम्ही तर ऑफिसातलंही फाटकावर बोलता.’

तो गेला. मी भित्री आहे. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढं नाकारता येणार नाही.

१२ मार्च

भिंगरीचा फोन नाही. निवडीची यादी तिनेही बघितली असणार. शिबिराला पाच दिवस.

१३ मार्च

संध्याकाळी पंच घरी आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. चहा नको म्हणाले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले.

‘तीस वर्षं शिट्टी फुंकली, बाई. खेळाडू आधी चेंडू बघतो, मग मान वळवतो. तुमची पोरगी आधी मान वळवते. फेब्रुवारीपासून.’

‘मग तुम्ही का नाही बोललात?’

‘मला वाटलं, मावशीला माहीत असेल तर मावशी बोलेल. तुमच्यासारखी बाई गप्प आहे म्हणजे तसं काही नसेल.’ दारात वळले. ‘माझी शिट्टी जमा करून झाली. तुमची अजून गळ्यात आहे.’

ते गेल्यावर हे लिहायला बसले. म्हणजे माझ्या गप्प बसण्याची त्यांना साक्ष वाटली! पोरीला काही झालेलं नाही, याची.

१४ मार्च

सांगितलं.

स्वयंपाकघरात, ताईला. तिने गॅस बंद केला. हात पुसले. ‘कधीपासून?’ जानेवारी म्हटलं. तिने बोटांवर महिने मोजले, माझ्यासमोर, सावकाश.  ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग सरांना फोन केला.  दोनदा नुसतं ‘हॅलो’ म्हटलं, मग सगळं सांगितलं.

भिंगरी आतल्या खोलीत होती. सगळं ऐकू जात होतं. आली नाही बाहेर. मी शब्द मोडला. ती माझं तोंड बघणार नाही, हे धरून चालले आहे.

१५ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर. डोळ्याच्या आतला पडदा सुटत आला आहे. उद्याच शस्त्रक्रिया. ‘आणखी एक फटका बसला असता तर डोळा गेला असता,’ म्हणाले. ‘पण दोन महिने आधी का नाही आणलंत? गेलेली कड आता परत येईल, याची खात्री देता येत नाही.’

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. भिंगरीनेही नाही.

१९ मार्च

पट्टी डाव्या डोळ्यावर. मी मुद्दाम उजवीकडे बसले. माफी मागायला तोंड उघडलं. म्हटलं, शब्द पाळायला हवा होता गं.

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली,

‘घरात एवढी माणसं होती, मावशी. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तर तुला सांगितलं होतं.’