लिटरला एकोणऐंशी

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहणार, हे भावजींकडून कळलं. इकडची बातमी मात्र झकास. आपली म्हातारी मोटरसायकल आता लिटरला एकोणऐंशी देते! साखळीचं मागचं बेचाळीस दात्यांचं चक्र काढून अडतीसचं बसवलं, कॅरिअर उतरवलं. घरोघरी विजेचे मीटर वाचायच्या रोजच्या फेरीत टाकी-टाकीची नोंद ठेवली आणि महिन्याभरापूर्वी तक्ता स्वयंपाकघरात लावला: ‘एकटा ७९. आईसह ५८.’ गॅरेजवाल्याने हात टेकले.

आई याही रविवारी तुझ्याकडे येत नाही. गुडघा धरलाय म्हणते, आणि बस तर तिला लागते. ती बसतच नाही म्हटल्यावर मागचे फूटरेस्टही काढून टाकले. तेवढंच वजन कमी.

रागावली नसशील तर माया तशीच ठेव.
तुझा धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

एकोणऐंशीबद्दल शाबास. घड्याळ उघडून चार स्क्रू शिल्लक ठेवणारा तो हाच का, असं ह्यांनी विचारलं. पण बाबा, दिव्याखाली अंधार आहे. आई रोज गच्चीत कपडे वाळत घालते, असं तूच मागे लिहिलंस. मग गुडघा फक्त रविवारीच कसा धरतो? तक्ता कधी लागला आणि दुखणं कधी सुरू झालं, ते जरा बघ. आईला वाचता येतं रे! तिच्याच स्वयंपाकघरात तिचंच ओझं भिंतीवर टांगलंस.

मला उठता येत नाही, ती येत नाही. महिना झाला तिला पाहून. रडू येतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आशीर्वादाबरोबर थोडी अक्कलही पाठवतेय, ठेवून घे.
ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान पकडतो. आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, की जन्मभर कुणाला जड झाले नाही, आता यंत्राला कशाला होऊ.

तक्ता फाडला. फूटरेस्ट बसवले. जुनं चक्रही परत चढवलं, कारण अडतीसवर दोघांना घेऊन तुझ्या गल्लीचा चढ चढवत नाही. गॅरेजवाला कपाळाला हात लावून बसला. रविवारी दहापर्यंत पोचतो. खाली आईसाठी जागा सोडलीय.

ओरडलीस तरी चालेल, लिहीत राहा.
धाकटा

चि. मुली, चार रविवार तुला न बघता काढले. आता नाही काढवत. जड तर जड, मी येते.
आई