हाव बाई, येतो

माजरी,
८ जुलै २०२४

ति. सोमारीबाईस,
धाकट्या भावाचा, लालसूचा सा. न. आणि जोहार. वि. वि.

सुकलूभाऊ गाडी घेऊन इकडे आले होते, त्यायच्याच हाती माझा जुना लॅपटॉप पाठवून राह्यलो. चिडू नको, पण पोळ्याले माझं येणं होत नाई. कोळशाच्या वजनकाट्यावर ट्रकची लाइन तुटत नाई आन् ठेकेदार सुट्टी देत नाई. फोन गेटवर जमा करा लागते. तुमच्या टोल्यावर टेकडी चढल्याशिवाय फोन लागत नाई. आपण बोलावं कसं? म्हणून ही युक्ती काढली.

चंद्रपूरचा माझा दोस्त मुजफ्फर, त्यानं एक खेळ बनवला आहे. नाव रानवाट. त्यात चित्र नाई, आवाज नाई, नुसती अक्षरं. तू मोहाच्या झाडाखाली उभी आहे असं लिहून येते. मंग तू लिहायचं, उत्तरेले जा, नाईतं मोह वेच, नाईतं लालसूशी बोल. पंचायतीचं नेट आपल्या ओसरीपर्यंत येते, ते कितीबी पातळ असो, अक्षरांले पुरते. मी काट्याच्या काम्प्युटरवर हाच खेळ उघडून ठेवतो. काळ्या खिडकीत अक्षरं पाहून साहेबाले वाटते पोरगा भारी काम करून राह्यला.

लॅपटॉपवर क्लायंट टाकून दिला आहे. क्लायंट म्हणजे खेळात शिरायचा दरवाजा. त्याच्यावर दोनदा टिचकी मारजो. नवीन प्रोफाइल विचारन, तिथी तुझं नाव लिहिजो. झाकणाले आतून चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावरचा पत्ता सर्व्हरच्या रकान्यात आन् चार आकड्यांचा नंबर पोर्टच्या रकान्यात भरजो. मंग कनेक्ट. पाच वाजता मोहाच्या झाडाखाली ये. काही लागलं तं तिथंच सांगजो, फोनसाठी टेकडी चढू नको. मी तिथंच असतो.

मायच्या पाया पडतो. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नको.
तुझा,
लालसू

*

बोरीटोला, ता. आरमोरी,
२१ जुलै २०२४

चि. लालसूस,
बाईचे अ. उ. आ.

तुझा दरवाजा उघडला बापा, आन् आत नुसते प्रश्नचिन्ह! झाड बी प्रश्नचिन्ह, तू बी प्रश्नचिन्ह. दोन दिवस मी आन् माय तसंच पाहत बसलो. मले वाटलं पोट्टा आपल्याले काहीतरी विचारून राह्यला. मंग सुकलूभाऊची दीपिका आरमोरीहून आली, कॉलेजात शिकते ती. तिनं सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचं एन्कोडिंग यूटीएफ-८ केलं, तवा मराठी दिसली. एवढं पान भरून लिहिलं, आन् हेच सांगायचं राह्यलं काय?

मुजफ्फरले सांगजो, त्याच्या रानात बारा महिने मोह पडते. जल्मात कधी वेचला असता तं समजलं असतं. आन् अस्वल मोहाखाली सायंकाळी पाचले येत नाई, त्याले बी काही टाइम असते.

पण खोटं काऊन बोलू, तू झाडाखाली आला आन् बाई जेवली काय असं लिहून आलं, तवा डोळ्याले पाणी आलं. मायले वाचता येत नाई, म्हणून मी सारं मोठ्यानं वाचून दाखवते. ती खिडकीजवळ कान नेते, जसं काही तू आत बसला आहेस. वरून मले विचारते, पोट्ट्याच्या जागी डबा काऊन पाठवला म्हणून. याचं उत्तर तूच दे.

अंगणवाडीचं ठीक आहे. पोषण आहाराची माहिती भरायचं अ‍ॅप तुझ्या खेळापेक्षा बेकार आहे. दिवाळीले तरी ये. माया ठेवजो.
तुझी बाई,
सोमारी

*

माजरी,
२ सप्टेंबर २०२४

ति. बाईस,
लालसूचा सा. न. वि. वि.

एन्कोडिंगचं चुकलंच माझं, कान पकडतो. तू म्हणते खेळात सारखी भूक लागते आन् बोलणं अर्धं सोडून भाकर खा लागते. त्यावर उपाय आहे, ट्रिगर लावजो. ट्रिगर म्हणजे क्लायंटले एकदा सांगून ठेवायचं, की अशी ओळ दिसली की माझ्या नावानं तशी ओळ पाठव. वरच्या रकान्यात लिही: तुला भूक लागली. खालच्या रकान्यात लिही: भाकर खा. सेव्ह कर. मंग तू गप्पा मारत बस, नाईतं चुलीकडे जा, भाकर आपोआप खाल्ली जाते. समोरच्याले समजत बी नाई.

दिवाळीचं आत्ताच पक्कं सांगत नाई. मायले सांगजो, डबा बोलते तं खरा! लोभ असाच राहू दे.
तुझा,
लालसू

*

बोरीटोला,
१४ जानेवारी २०२५

चि. लालसूस,
अ. उ. आ.

दिवाळी गेली, संक्रांत आली. तू काही आला नाई. मायनं तुझ्यासाठी सुकवलेला मोह मडक्यात तसाच ठेवला आहे, मले हात लावू देत नाई.

तुले एक विचारायचं होतं. तू आजकाल एवढा कमी काऊन बोलते? आधी ट्रकवाल्यायचे किस्से सांगत होता, साहेबाची नक्कल करत होता. आता मी दहा ओळी लिहिल्या की तुझी एक येते, हाव बाई. मी मोहाखाली येशील काय म्हटलं की येतो म्हणते, लगेच येऊन उभा बी राहते, पण तोंडातून शब्द नाई. मायले वाचून दाखवाले काही उरतच नाई. तवा मी मनचंच काही जोडून वाचते. काल म्हटलं, लालसू म्हणते मायची खूप याद येते. म्हातारी एवढी खूश झाली! तेवढं तं तू लिहिजो, मले खोटं वाचा लागू नये.

मायले सायंकाळी दम लागते. दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते. बाबाले गडचिरोलीले नेलं ते परत आले नाई, हे तिच्या डोक्यातून जात नाई. तू सांगितलं तं ऐकन. येऊन जा.

माया पातळ करू नको, नेट पातळ आहे तेवढं पुरे.
तुझी बाई,
सोमारी

*

माजरी,
२ फेब्रुवारी २०२५

ति. बाईस,
सा. न. वि. वि.

पत्र भेटलं. काम खूप आहे, डोकं चालत नाई, म्हणून बोलणं कमी होते. मनावर घेऊ नको. मायले सांगजो, होळीले पक्का येतो. रोज संध्याकाळी मी आहेच तिथी. लोभ असू दे.
तुझा,
लालसू

*

बोरीटोला,
९ मार्च २०२५

लालसू,

आशीर्वाद लिहाले हात उठला नाई, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तू मातीच्या दुसऱ्या दिवशी आला, तवा मी तुले पाय धुवाले पाणी दिलं आन् आत गेली. तू लोकायत बसून रडला, लोकं म्हणे पोरगा किती हळवा आहे. मी आत लॅपटॉपसमोर बसून होती. आता सारं लिहून राह्यली, कारण कागदाच्या बाहेर माझा कोणावर भरोसा राह्यला नाई.

सोमवारी मायले ताप भरला, दम वाढला. आशाताई बुधरी आली, म्हणे हिले आजच गडचिरोलीले न्या, उद्यावर टाकू नका. सुकलूभाऊनं गाडी दारात लावली. माय खाटेवरून उठेना. म्हणे लालसूले विचार, तो आला तं त्याच्यासंग जाईन. मी पाच वाजता खेळात गेली. लिहिलं, माय खूप बिमार आहे, दवाखान्यात न्यायचं आहे, येशील काय. पाण्याचा घोट घ्याले बी वेळ लागते, तेवढाबी नाई लागला. उत्तर आलं, हाव बाई, येतो.

मी मोठ्यानं वाचलं. मायचं तोंड असं फुललं, की मीच सुकलूभाऊले म्हटलं गाडी घेऊन जा, पोट्टा उद्या येते, तोच नेईन. हे मी म्हटलं, मीच. तुझी चटई मायनं मले अंथराले लावली, मोहाचं मडकं खाली काढाले लावलं. मंगळवारी तू नाई. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच आलं. मायले वाटलं गाडी चुकली असन. बुधवारी बुधरी माझ्यावर ओरडली, अंगणवाडीची बाई असून तुले समजत नाई काय म्हणून. मायचं आपलं एकच, येतो म्हटलं त्यानं, तू वाचलं ना? टेकडी चढून फोन करावा असं मले एकदाबी वाटलं नाई. उत्तर तं हातात होतं.

गुरुवारी सकाळी माय गेली.

मी तशीच खिडकी उघडून बसली. लिहिलं, माय गेली रे, आता तरी येशील काय. आलं, हाव बाई, येतो. मी म्हटलं घाबरला असन. पुन्हा लिहिलं, मातीले येशील काय, किती वाजता. हाव बाई, येतो. मंग माझं डोकं फिरलं. लिहिलं, मेला काय तू बी, मसणात येशील काय. हाव बाई, येतो. तेच शब्द, तोच स्वल्पविराम, आन् तुझा लालसू गपगुमान मोहाखाली येऊन उभा राह्यला.

तवा मले भाकरीच्या ट्रिगरची याद आली. समोरच्याले समजत बी नाई, तूच लिहिलं होतं. मी सुकलूभाऊले टेकडीवर पाठवलं. फोन पहिल्याच घंटीत उचलला तू! भाऊ म्हणे, त्याले मायच्या तापाचंबी माहीत नोहोतं.

मले एवढंच सांग. कधीपासून?

सोमारी

*

माजरी,
२० मार्च २०२५

ति. बाईस,
लालसूचा सा. न. पाया पडाले तोंड नाई, तरी पडतो.

नोव्हेंबरपासून.

दिवाळीच्या आधी मले काट्यावरून काढून गेटवर टाकलं, तिथी फोन जवळ राहते, पण काम्प्युटर नाई. पण खोलीवर दुसरा लॅपटॉप होता, ड्युटी संपवून मी बोलू शकलो असतो. कामाचा बहाणा आता नाई सांगत. मले कंटाळा आला होता बाई. रोज तोच मोह, तेच जेवला काय, मायचं तेच दुखणं. तुले सांगायची हिंमत नाई झाली, वाटलं तुले वाईट वाटन. म्हणून क्लायंट खोलीवर चालू ठेवून देत होतो. एक ट्रिगर लावला, तुझी कोणतीबी ओळ आली की हाव बाई. दुसरा लावला, ओळीत येशील काय असं आलं की हाव बाई, येतो, आन् झाडाखाली चालत जायचं. तू तेवढ्यासाठीच येशील काय म्हणत होती ना. ते शब्द तू असल्या कामासाठी लिहिशील, हे माझ्या डोक्यात आलं नाई.

तुझं जानेवारीचं पत्र आलं, त्या दिवशी ट्रिगर काढला असता तं माय असती. हे मी रोज उठून स्वतःले सांगतो.

क्लायंट सारं बोलणं फायलीत जपून ठेवते. मातीवरून परत आलो आन् ते उघडलं. चार महिन्यायचं तुझं बोलणं मी एका बसण्यात वाचलं. माय पडली होती, तुझा पगार अटकला होता, तुले एक दिवस जीव द्यावासा वाटला होता. त्या ओळीच्या खाली बी माझं हाव बाई आहे.

दोन्ही ट्रिगर पुसले. आता रोज पाच वाजता मी स्वतः बसतो. देवाची शपथ, मीच असतो. आन् बाई, गेल्या आठवड्यात तुझं नाव खेळात दिसलं, मी जोहार लिहिलं, आन् तू लिहिलं, बरी आहे भाऊ, जेवला काय. मी किती वेळ रडलो! तवापासून तू रोज उत्तर देते. तेवढंच देते, पण मले समजते, राग हळूहळू जाईन. त्या एका ओळीवर माझा दिवस निघते.

तू बोलली, एवढ्यात सारं आलं. मी आणखी लोभ मागत नाई.
तुझा,
लालसू

*

बोरीटोला,
६ एप्रिल २०२५

लालसू,

ती मी नाई.

ट्रिगर तूच शिकवला, २ सप्टेंबरचं पत्र माझ्यापाशी आहे. वरच्या रकान्यात लिहिलं, जोहार. खालच्या रकान्यात लिहिलं, बरी आहे भाऊ, जेवला काय. सेव्ह केलं आन् मोह वेचाले गेली, या दिवसात खरा मोह पडते. मले पाहायचं होतं तुले समजते काय. तुझं पत्र वाचून समजलं, तुले बी समजलं नाई. तू त्याच्यासमोर रडला, माय त्याच्यासमोर हसली. तुले आता माहीत झालं, हे कसं लागते.

मले वाटलं होतं तुले असं फसवून बरं वाटन. नाई वाटलं. रात्री भाकर उतरली नाई. आन् तू एकट्यानं माय मारली असं बी मी म्हणत नाई. दारातली गाडी परत पाठवली ती मीच, बुधरीचं ऐकलं नाई ती बी मीच. ते माझं माझ्यापाशी राहू दे, त्यात तुले वाटा नाई.

लॅपटॉप सुकलूभाऊच्या हाती परत पाठवून राह्यली. चिठ्ठी झाकणाले तशीच आहे. तुझी चटई मी गुंडाळली नाई, मायनं अंथराले लावली होती, ती मी कशी उचलू? मडकं बी खालीच आहे.

यायचं असन तं ये, दाराले कडी लावत नाई. पण येतो म्हणून लिहू नको.

सोमारी