दुभाष्या काही बोलला नाही

लेफ्कारा,
शुक्रवार, १३ मे १८८३

माझी मारिक्कू,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. आम्ही इथं धडधाकट आहोत, तुम्हीही असाल. यंदा रेशमाच्या किड्यांनी कोष चांगले धरलेत. लोहाराच्या क्युरियाकूच्या सुनेला पुन्हा मुलगीच झाली. आईच्या थडग्यावरचा दगड खचला होता, तो माझ्या लोइझोसनं सरळ करून घेतला. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते.

तुझं पत्र बुधवारी खेचरवाल्यानं आणून दिलं. दोनदा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. पाद्रीबाबांनी स्तोत्रांच्या पोथीवरून शिकवलं तेवढंच माझं शिक्षण. त्यामुळे तुझी वरची ओळ सोडून खालच्या ओळीवर पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं.

तू लिहिलंस की तुझ्या ख्रिस्तोफीनं कचेरीत तक्रारीचा अर्ज दिलाय. कौन्सिलात त्याच्या मागं बसून इंग्रजांचं बोलणं आपल्या भाषेत सांगणारा तो काराबेत, त्यानंच आतली गोष्ट बाहेर फोडली, म्हणून सोमवारी साहेब त्याला कामावरून काढणार. आणि लोइझोसनं निवडणुकीतून नाव मागं घ्यावं, साडूनं साडूसमोर उभं राहणं शोभत नाही, असंही.

नावाचं आधी सांगते. नाही घेणार.

चार वर्षांपूर्वीचं तुला कुणी खरं सांगितलेलं नाही, तर माझ्याकडून ऐक. कौन्सिलासाठी माणूस शोधत तो लाल दाढीचा साहेब आधी आमच्या घरी आला होता. तुमच्या नाही, आमच्या. मी तबकात अक्रोडाचा मुरंबा नि पाणी ठेवलं. आपली रीत एक चमचा खायचा, पाणी प्यायचं, घराचं भलं चिंतायचं. या बाबानं अख्खी वाटी साफ केली. मला वाटलं, मुरंबा आवडला म्हणजे काम झालं. पण लोइझोस गप्प बसेल तर ना! पिकावरचा दशमांश कर कुठल्या मापानं मोजता, पूल वाहून गेला तो कोण बांधणार, खरनूबाच्या झाडांच्या गोड शेंगा बंदरावर पडून कुजतात त्याचं काय, दुपारभर त्याचं चालू. साहेब लिहून घेत होता. मी दाराआड उभी राहून मनात म्हणत होते, काय छान बोलतोय माझा नवरा. मग साहेब उठला, ओढा ओलांडून तुमच्याकडे गेला. तिथं ख्रिस्तोफी काहीच बोलला नाही. पंधरा दिवसांत त्याची नेमणूक आली, महिन्याभरात तुम्ही राजधानीत राहायला गेलात.

तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. त्यांना बोलणारा नको होता, बसणारा हवा होता. आणि बसायला तुझ्या नवऱ्यासारखा माणूस अख्ख्या बेटावर सापडायचा नाही.

आता कायदा फिरला. साहेबानं नेमायचे दिवस गेले, आपली माणसं गावांनी निवडायची. गावांना भांडणारा हवाय. भांडणाऱ्याची बायको मी आहे. चार वर्षं तू बग्गीतून फिरलीस, मोठ्या साहेबाच्या बागेत चहा प्यालीस, फोटो काढून घेतलास नि तो मला पाठवलास. आता थोडे दिवस मला मिरवू दे की. यात माझं चुकलं काय?

इथवर सकाळी लिहिलं होतं. घडी घालून खेचरवाल्याकडे द्यायचं, एवढंच उरलं होतं. दिलं नाही. घरात चार कामं केली, कागद पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. आता दुपार झालीय.

त्या काराबेतचं मला काही तरी सांगायचंय.

गेल्या वर्षी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा ती उंच इंग्रज बाई तुझ्या दिवाणखान्यात बसली होती. मी डोक्याला रुमाल बांधून, चीजची टोपली घेऊन दारात उभी. तिनं माझ्याकडे बघून काही तरी विचारलं. काराबेतनं तुला सांगितलं, बाईसाहेब विचारतात ह्या कोण? तू म्हणालीस, "गावाकडची आहे, चीज घेऊन येते."

मी ऐकलं, मारिक्कू. तुला वाटलं मी टोपली ठेवण्यात गुंतलेय.

काराबेतनं इंग्रजीत काही तरी सांगितलं आणि ती बाई उठली. उठून माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेतला. मला काही कळेना, तुलाही कळलं नसणार, तू नुसती लाल झालीस. निघताना तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. चार मुलींचा बाप, कोट कोपराला विरलेला. हळूच म्हणाला, "बाई, मी त्यांना सांगितलं की ह्या थोरल्या बहीण आहेत. आजवर एवढं एकच मी वेगळं सांगितलंय. माझ्या मालकांना बोलू नका."

मी कुणाला बोलले नाही. ते मला पोटात ठेवता आलं बघ.

दुसरं नाही ठेवता आलं.

तू म्हणतेस, ती गोष्ट तिघांनाच माहीत होती. ख्रिस्तोफीला, काराबेतला नि तुला. तूच आठव. दीड वर्षापूर्वी, शेंगा झोडायच्या दिवसांत तू चार दिवस माहेरपणाला आली होतीस. झाडाखाली बसून रडलीस. म्हणालीस, ताई, त्याला तिथं काही कळत नाही गं. सगळं इंग्रजीत. सारखं मागं वळून काय म्हणाले, काय म्हणाले विचारायची त्याला लाज वाटते, म्हणून समोरच्या साहेबाचा हात वर गेला की हा पण करतो. परवा रस्त्याचं आहे समजून हात वर केला आणि तो शेंगांवरची करपट्टी वाढवायचा ठराव निघाला. आपल्याच गावांवर. काराबेतनं बाहेर आल्यावर सांगितलं तेव्हा भिंतीला टेकून उभा राहिला. तीन दिवस जेवला नाही.

मी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. थोपटत होते. आणि तुला खरं सांगू? आतून मला बरं वाटत होतं. चार वर्षांत तेवढा एक दिवस मला तुझा हेवा वाटला नाही.

तुझ्या हिशेबात मी आलेच नाही. दोष द्यायची वेळ आली तरी तुला माझी आठवण झाली नाही. तिघंच, म्हणे.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आपण सगळ्या गावच्या पावाच्या भट्टीवर जमलो होतो. चीज भरून ईस्टरच्या फ्लाऊना करायच्या होत्या. तू टोपी घालून आलीस. आपल्यात भट्टीवर आलेल्या बाईनं निदान पिठाच्या एका गोळ्याला हात लावायचाच, मग ती पाद्र्याची बायको का असेना. तू हातमोजे काढले नाहीस. क्युरियाकूनं तुझ्यासाठी खुर्ची मागवली, मी उभी होते. तू बसलीस, सगळ्यांच्या तब्येती विचारल्यास नि गेलीस. तुझी पाठ वळल्यावर क्युरियाकू म्हणाली, "थेओग्नोसिया, बघणाऱ्याला वाटेल धाकटी मालकीण नि थोरली तिच्याकडे भांडी घासायला आहे." सगळ्या हसल्या.

माझे हात कोपरापर्यंत पिठात. मी म्हणाले, मालकीण कशाची, तिचा नवरा तिथं बुजगावण्यासारखा बसतो, दुसऱ्याचा हात वर गेला की आपला करतो. तुमच्या शेंगांवरची पट्टी कुणी वाढवली ठाऊक आहे का? आणि सगळं सांगितलं. झाडाखालचं सगळं, तो तीन दिवस जेवला नाही तेवढं सोडून. ते मुद्दाम सोडलं. ते सांगितलं असतं तर कुणाला तरी त्याची दया आली असती.

दोनच दिवस झाले होते मला चर्चमध्ये प्रसादाची भाकर नि द्राक्षारस घेऊन, देवाचं रक्त-मांस अजून पोटात होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. गेल्या रविवारी ख्रिस्तोफी मतं मागायला इथल्या, आमच्या घरासमोरच्या कॉफीच्या दुकानात आला. आत पाऊल टाकल्याबरोबर बसलेल्या सगळ्या पुरुषांनी हात वर केले. कुणी हसलंसुद्धा नाही. त्यानं कॉफी सांगितली, पण आल्यावर ती तशीच ठेवून तो बाहेर पडला. मी आमच्या खिडकीतून बघत होते. तो आमच्या दारावरून गेला आणि मी आत सरले.

मला वाटलं होतं, बरं वाटेल.

हे आज लोइझोसला सांगितलं. तो खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं ओरडेल, ओरडला असता तर मीही ओरडले असते, आमचं तसंच चालतं. त्यानं एवढंच विचारलं, "हे तू मी निवडून यावं म्हणून केलंस?"

मी नाही म्हणाले. मारिक्कू, तो तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा नव्हता. मी तुझ्यामुळे केलं. तुझ्या त्या टोपीमुळे.

तो म्हणाला, "गावाला तसं वाटणार नाही. काराबेतलाही नाही." मग टाका घट्ट ओढून म्हणाला, पत्र लिहून पूर्ण कर, खेचरवाला मंगळवारी पोचतो, तेव्हा उशीर होईल, मीच घेऊन जातो. आणि कचेरीत आपलं नावही काढून येतो. मी हात जोडले. म्हटलं, पत्र ने, पण नाव ठेव, नाव कशाला काढतोस, तू काय केलंयस? त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. आता ओसरीवर खेचराला चारा घालतोय. पहाटे निघेल.

तेव्हा वर जे मी 'नाही घेणार' म्हणून लिहिलं ते खोडायला हवं, पण खोडत नाही. सकाळी माझ्या मनात तेच होतं, ते तुला दिसू दे.

हे पत्र ख्रिस्तोफीला दाखव. मग साहेबाला दाखव. माझं अक्षर गावातल्या कुणालाही विचारा, असं वाकडं दुसऱ्या कुणाचं नाही. गोष्ट मी फोडली, थेओग्नोसियानं, लेफ्काराच्या भट्टीवर, वीस बायकांसमोर. त्यातली प्रत्येक साक्ष देईल, क्युरियाकू तर दोनदा देईल. साहेबाला हे वाचून दाखवायला दुभाष्या लागेलच. काराबेतकडूनच वाचून घ्या. फाटकापाशी तो मला काय म्हणाला तेवढं त्याला गाळू दे. त्याच्या चार मुलींना मी काय तोंड दाखवू, ते माझं मी बघेन.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, टोपी न काढता देशील, आणि ते मला सोसायचं नाही. तुझा हेवा अजून गेलेला नाही. एवढं लिहून जाईल असं वाटलं होतं.

पत्र घेऊन दारात उभा आहे तो लोइझोस. वाचता येत नाही म्हणून त्याला बाहेर ताटकळत ठेवू नकोस, आत काय लिहिलंय ते त्याला सगळं ठाऊक आहे. दिवसभर उन्हात खेचरावरून आलाय, स्वतःच्या हातानं स्वतःची खुर्ची मोडायला. असा नवरा तुला मिळाला नाही, मारिक्कू. मलाच मिळाला.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
थेओग्नोसिया