गॉथिकला, जेद्दाहून

प्रिय गॉथिक,

फ्रिजवरची तुझ्या शब्दाची चिठ्ठी मी ओढून काढली, मग दारावरची, मग मिठाच्या बरणीवरची. चौथीला हात घातला तेव्हा मीरा स्वयंपाकघरात आली.

"मम्मा, स्टॉप. दोज आर माइन."

"घर माझं आहे," मी म्हणाले. "आणि मराठीत बोल."

ती चुरगळलेल्या चिठ्ठ्या उचलून खोलीत गेली. आज शुक्रवार, मला सुट्टी. पुढच्या शुक्रवारी माझी मुलगी जर्मनीत असेल, जुन्या भाषा शिकायला. माझ्याकडे तिचे सात दिवस आहेत आणि तेही ती तुला देते आहे. म्हणून लिहिते.

तू मेलेली भाषा आहेस, असं तीच सांगते. मग आमच्या घरात काय करतेस?

मी इथे एकोणीस वर्षं नर्स आहे. पेशंटशी अरबी, वॉर्डात हिंदी, केरळच्या सिस्टरांशी मोडकं मल्याळम. घरी आल्यावर चप्पल काढावी तशी मला मराठी हवी असते. अठरा वर्षांची मुलगी मला उत्तर इंग्रजीत देते. आणि पाण्याला, भाकरीला, मिठाला तुझी नावं चिकटवते. माझ्या बरण्यांवर.

तुझी सगळी हकीकत तिला पाठ आहे. जेवताना बाबाला सांगते, मी वाढत असते. एका बिशपने तुझ्यासाठी अक्षरं तयार केली, बायबल तुझ्यात आणलं. राजांच्या लढायांचे भाग तेवढे गाळले, कारण तुझ्या लोकांना लढाईची खुमखुमी आधीच फार होती. पुढे त्याची एक प्रत जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिली गेली. चांदीच्या. माझी आई जन्मभर मालवणी बोलली, पण साधं पोस्टकार्ड लिहायचं तर पुस्तकी मराठीत लिहायची. तिच्या बोलण्याला शाईचा थेंब मिळाला नाही.

लिहून ठेवलेलीला मरणसुद्धा किती सोयीचं असतं, नाही?

मग तुझे लोक इटलीत हरले. स्पेनमध्ये त्यांनी शेजाऱ्यांचा कॅथलिक पंथ घेतला. प्रार्थना लॅटिनमध्ये गेली, तिच्यामागून मुलं गेली. काळ्या समुद्राकाठी तुझी एक फांदी पुढे कित्येक शतकं तगली. एका राजदूताला तिकडची दोन माणसं भेटली. त्यातला जो गॉथ, म्हणजे तुझ्याच लोकांतला, होता तो तुला विसरला होता. तू येत होतीस दुसऱ्याला, आणि तो ग्रीक होता.

हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? "बघ," मी म्हणाले, "तिच्या माणसांनीही तिला टाकलीच."

"अगं, मेलेल्या भाषेशी कसला सवतीमत्सर?" नवरा म्हणाला. "जिवंत असती तर ट्यूशन लावावी लागली असती."

तो हसला. मी नाही.

मीरा तीन वर्षांची असताना बालवर्गाची मुलाखत होती. मुलाखतीपर्यंत घरात फक्त इंग्रजी, असं आम्ही ठरवलं. इथल्या कितीतरी घरांत ठरतं तसंच. प्रवेश मिळाला. इंग्रजी राहिली. तुझ्या लोकांतल्या आयांनीही असंच ठरवलं होतं का? थोड्याच दिवसांसाठी?

दुपारी तिच्या खोलीत गेले. ती चिठ्ठ्या तळहाताने सपाट करत होती.

"असं काय देते ती भाषा तुला?" मी विचारलं.

तिने वर पाहिलं नाही. "नोबडी लाफ्स, मम्मा."

ती नऊ वर्षांची होती. कणकवलीला पूजेनंतर तिने म्हाताऱ्या भटजींना विचारलं, "तू जेवलास का?" घरापुढचं अख्खं खळं हसलं. सगळ्यात मोठ्याने मी. जेद्दाला परतल्यावर जो कोणी जेवायला आला त्याला मी तो किस्सा सांगितला, तिच्यासमोर, तिच्याच आवाजात. हळूहळू तिची मराठी बंद झाली. मला वाटलं, शाळेने नेली. मग वाटलं, तू नेलीस.

"आय वॉज जस्ट बीइंग नाइस टू हिम," ती म्हणाली. नऊ वर्षांनी.

तुझ्याजवळ काय आहे ते मला आज कळलं. तुला बोलणारं कोणी उरलं नाही, म्हणून चुकलेल्याला हसणारंही कोणी नाही. मी जिवंत आहे, एवढाच माझा तोटा. अशा गोष्टीचा हेवा करू नये. तरी करते.

वचन तुला देते, कारण तिला द्यायचं धाडस होत नाही. तिच्या तोंडून मराठी येईल तशी घेईन. तो किस्सा पुन्हा कुणापुढे सांगणार नाही. आणि उरलेल्या दिवसांत ती तुझ्याजवळ बसली, तर बसू देईन.

तुझा हेवा करणारी,
मीराची आई

ता. क. शनिवार. सकाळी चहा घेताना मीराने मराठीत एक वाक्य सुरू केलं. मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही, दुरुस्तही केलं नाही. उरलेलं तिने इंग्रजीत सांगितलं.