भोंगा वेळेवर न वाजल्याची हकिगत

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढं वाकू देते तेवढंच वाकून.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजी गोळी घेतल्याचं विसरून अजून दुसरी घेतात का? तुझं पत्र मिळालं. तुझ्या धाकट्या लेकीने वैमानिक व्हायचं खूळ डोक्यात घेतलंय, ‘तू विमानांत जन्म काढलास, तर तूच तिला समजाव’, असं तू लिहितेस. समजावतो. पण त्याआधी तीस वर्षं तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट सांगू दे.

आमच्या फ्लाइंग क्लबात पत्र्याची एक शेड, दोन जुनी विमानं आणि कान तुटलेल्या कपांतला चहा, एवढाच कारभार. मी तिथला उपकरणांचा मेकॅनिक. लहान विमानाच्या डाव्या पंखाच्या कडेला बोटभर भोक असतं, त्यामागे नळी आणि नळीच्या टोकाला भोंगा. विमानाचं नाक फार वर गेलं की पंखाखालचा हवेचा आधार सुटू लागतो. यालाच स्टॉल म्हणतात. (इंजिन बंद पडणं नव्हे. दाजींना हे मी चार वेळा सांगितलंय.) तसं होण्याच्या जरा आधी हवा त्या भोकातून ओढली जाते आणि भोंगा रेडकासारखा ओरडतो. जमिनीवर तो तपासायचा कसा? भोकावर रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि हवा ओढायची. रोज सकाळी मी पंखाचा मुका घेतो म्हणून सगळा क्लब मला ‘मुकेवाला’ म्हणायचा. मला त्याचा अभिमानच होता, कारण माझ्याइतका मोठा भोंगा कुणालाच वाजवता यायचा नाही.

विमान शिकवायला एक बाई होत्या. आवाज हळू, चाल भराभर. त्यांनी तक्रारवहीत लिहिलं, ‘भोंगा उशिरा वाजतो.’ मी मुका घेतला, भोंगा दणक्यात वाजला. खाली सहीनिशी लिहिलं, ‘दोष आढळला नाही.’ असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी बाई वही घेऊन शेडमध्येच आल्या.

“तुमचा भोंगा जमिनीवर फार गुणाचा आहे. वर कसा वागतो ते बघायला चला. दुपारी माझी एक विद्यार्थिनी हेच विमान एकटीने नेणार आहे.”

अक्का, मी तोवर विमानात कधी उडालोच नव्हतो. (हो. तुझ्या सासरी जेवताना ढगांवरून सूर्य बघितल्याचं जे वर्णन केलं, ते आमच्या स्टोअरकीपरचं होतं.) पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? गेलो.

चांगलं उंच गेल्यावर बाईंनी इंजिन मंद केलं आणि नाक वर उचललं. वेगाचा काटा उतरू लागला. वाऱ्याचा आवाज कमी कमी होत गेला. भोंगा गप्प. मग विमान थरथरलं, डावा पंख खचला आणि समोरचं आकाश जाऊन तिथे नांगरलेलं शेत आलं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. बाईंनी नाक खाली ढकललं, इंजिनाला पूर्ण जोर दिला, पंख सरळ केले. दहा सेकंदांत सगळं जागच्या जागी.

“भोंग्याच्या जागी तुम्ही वाजलात,” बाई म्हणाल्या, “पण तुम्हीही उशिराच.”

खाली उतरून नळी उपसली. एका सांध्याला केसाएवढी चीर होती. हवेची ओढ नाजूक, ती चिरीतच विरायची. माझ्या छातीची ओढ राक्षसी, म्हणून भोंगा वाजायचा. माझी फुशारकीच दोष झाकत होती. त्या मुलीचं उड्डाण थांबवलं, नळी बदलली आणि वहीतल्या माझ्या तिन्ही सह्या मीच खोडल्या. बाईंनी स्वतः चहा आणून दिला आणि म्हणाल्या, “भोंगा नाही वाजला तरी हाताला कळलं पाहिजे, इतक्या वेळा मी हे मुलींकडून करून घेते. तुम्ही तुमचं करा, मी माझं करते.”

त्या शेडमध्ये आता कुणी पोती ठेवतं. बाईही गेल्या. आता विमानांत पडदे आले, पंख हवेला किती कोनात आहे ते दाखवणारे काटे आले. जमिनीवरच खोट्या विमानात बसवून शंभरदा पाडतात आणि सावरायला लावतात. तरी तो कपभर चहा आठवला की मला अजून भरून येतं. तेव्हा धाकटीला उगाच भीती घालायला माझी जीभ रेटत नाही. तुला काय वाटतं ते सावकाश कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. धाकटीला मी खरंच दोन तास समजावलं. शेवटी फॉर्मवर पालक म्हणून सही केली. ही चार महिन्यांपूर्वीची गोष्ट.

ता. क. दुसरं. दाजींवर चिडू नकोस. फॉर्मवर दुसरी सही त्यांची आहे.

ता. क. तिसरं. गेल्या गुरुवारी तिने एकटीने विमान उडवलं आणि अलगद उतरवलं. मी कुंपणापाशी उभा होतो. हे तुला सांगायला ती रविवारी येतेय. पहिल्यांदाच ऐकतेस असं दाखव. आणि रडायचं असेल तर हे पत्र हातात आहे तोवर आत्ताच उरकून घे.